देव्हाऱ्याला वळसा

ठाकुर्लीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या एका भिंतीवर तिरपी झिरी आहे. वायर आत घालण्यासाठी भिंत खोदून जी खाच करतात तिला कारागीर झिरी म्हणतात. ही झिरी छताजवळच्या डाव्या कोपऱ्यातून निघते, मोकळ्या भिंतीवरून तिरपी उतरते आणि देव्हाऱ्याच्या खालून पलीकडे फ्रिजच्या बोर्डाकडे जाते. आता ती रिकामी आहे. पाहुणा आला की त्याची नजर आधी तिथं जाते, आणि मग तो चहाच्या कपाकडे बघत राहतो. माझी आई रोज सकाळी तिच्यासमोर बसून पूजा करते.

माझा मोठा भाऊ या भिंतीत खिळा ठोकताना गेला.

दादाच्या लग्नाआधी घराची दुरुस्ती काढली होती. बाबा तोवर नव्हते. इमारत जुनी, प्लास्टर फुगलेलं, वायरिंग बाहेरून लाकडी पट्टीतलं. नव्या सुनेसमोर तसं घर नको असं आईचं म्हणणं पडलं. सगळा गिलावा काढून वायर भिंतीच्या आत घ्यायची ठरली. दादा बँकेत होता आणि तेव्हा त्याची बदली बाहेरगावी होती. मी ठाण्याला, माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाजवळ भाड्याने राहत होते. कामावर देखरेख आईनेच केली, आणि ती तिने मन लावून केली. धुळीत खुर्ची टाकून बसायची, कारागिरांना पाणी द्यायची, चुकलं तर सुनवायची.

त्या कामातली एक गोष्ट ती पुढे सगळ्यांना सांगायची. हळदीच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात बसून तिने ती रंगवून सांगितलेली मला आठवते. इलेक्ट्रिशियनने दोरीला खडू लावून भिंतीवर सरळ रेघ मारली. छताखालून आडवी जाऊन ती फ्रिजच्या बोर्डावर उतरणार होती. वाटेत देव्हारा. आई म्हणाली, देवांच्या डोक्यावरून वायर जाता कामा नये. तो म्हणाला, वायर भिंतीच्या आत असते, दिसणारसुद्धा नाही.

"मी म्हटलं, तुला दिसणार नाही, देवाला दिसेल," आई सांगत होती. "तुझ्या घरी ने म्हटलं डोक्यावरून. मग कसा सुतासारखा सरळ झाला. घेतली गपचूप फिरवून."

बायका हसल्या. होणारी वहिनी हळदीच्या पिवळ्या तोंडाने खाली मान घालून हसली. दादा दारात उभा होता, तोही हसला. ती वायर कुठून फिरवून घेतली, हे कुणी विचारलं नाही. हसण्याच्या गोष्टीत असले प्रश्न येत नाहीत.

बाबांनी आम्हां दोघांना लहानपणी एक नियम शिकवला होता. बोर्डाच्या डोक्यावर खिळा मारायचा नाही आणि बोर्डाच्या खांद्याला खिळा मारायचा नाही. बाबा कारकून होते, विजेतलं त्यांना एवढंच येत होतं. पण ते खरं आहे. वायर बोर्डापासून सरळ वर जाते किंवा सरळ आडवी जाते, अशा समजुतीवर सगळं जग भिंतीत खिळे ठोकत असतं. दादा तो नियम पाळायचा. घरात घड्याळ लावायचं असो की कॅलेंडर, तो आधी मागे सरकून बोर्ड कुठे आहेत ते बघायचा. मी त्याला चिडवायची की तू खिळा ठोकतोस की मुहूर्त काढतोस.

त्या दिवशी त्याला फोटो लावायचा होता. वहिनीच्या वडिलांचा. ते लग्नानंतर वर्षभरात गेले होते आणि आंबिवलीला तिच्या भावाच्या दोन खोल्यांत फोटोला जागा नव्हती, म्हणून भावाने तो तिच्याकडे दिला. आईला तो घरात नको होता. व्याह्याचा फोटो आपल्या घरी कशाला, आणि लावायचाच तर देवांच्या भिंतीवर मेलेल्या माणसाचा फोटो लावत नाहीत, असं तिचं म्हणणं. फोटो बरेच दिवस कपाटावर उताणा पडून होता. वहिनी दिवसभर कल्याणच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असायची, संध्याकाळी येऊन स्वयंपाकाला लागायची. घरात तिला निवांत उभं राहायला मिळे ते ओट्यापाशी. तिथून दिसेल असा तो लाव, असं ती दादाला म्हणाली. आई माझ्या मावशीकडे गेली होती. दादाने तो दिवस साधला.

पुढचं वहिनीने मला एकदाच सांगितलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. फरशी नुकतीच पुसली होती. दादा अनवाणी होता. त्याने मागे सरकून भिंत नीट पाहिली, वर बोर्ड नाही, खाली नाही, त्या उंचीवर बाजूला नाही. बाबांच्या डब्यातून खिळा तिने काढून दिला. दादा सिंकला टेकून उभा राहिला, डाव्या हाताने खिळा धरला. पहिला ठोका हलका मारला, दुसरा जरा जोरात. तिला वाटलं तो गंमत करतोय, कारण त्याचा हात खिळ्यावरून सुटेना.

तिने मेन स्विच बंद केला. तो दाराबाहेर होता. ती धावली, ती पुरेशी लवकर धावली नाही, असं आई म्हणाली.

आईने काय काय म्हटलं ते लिहायला मला जड जातं, पण ते गाळून हे लिहिण्यात अर्थ नाही. दहाव्याला घाटावरून माणसं परत आली तेव्हा आई स्वयंपाकघरात भिंतीजवळ बसली होती. खिळा पोलिसांनी काढून नेला होता. भोक राहिलं होतं, कडेने काळं पडलेलं. जो येईल त्याला ती हाताला धरून ते भोक दाखवायची.

"बापाला भिंतीवर चढवलंन आणि माझ्या मुलाला खाली उतरवलंन," ती म्हणायची. वहिनी तिथेच असायची. कधी भांडी विसळत, कधी पाण्याचा तांब्या घेऊन. आई आवाज कमी करायची नाही.

तिने वहिनीला देवांना हात लावू दिला नाही. तिच्या हातचा चहा घेणं बंद केलं. सकाळी वहिनी कामाला निघाली की दारातून म्हणायची, चालल्या बाई रक्त काढायला. लॅबमध्ये वहिनी खरोखर रक्तच काढायची, त्यामुळे शेजाऱ्यांना हे बोलणं कळायचं आणि काही जण तोंड वळवून हसायचे. आणि एक नवीन मुद्दा आईला सापडला होता, खिळ्याचा. एवढा मोठा खिळा कशाला? फोटो केवढा, खिळा केवढा? डब्यात बारीक खिळे होते. वायर भिंतीत खोल असते. बारीक खिळा तिथवर पोचलाच नसता. मोठा खिळा हिने निवडून दिला.

हा मुद्दा नातेवाइकांत फिरला. दर वेळी खिळा थोडा लांब होत गेला.

वहिनी उत्तर द्यायची नाही. मला आधी वाटलं ती सहन करते आहे. मग हळूहळू लक्षात आलं की ती ते खरं मानू लागली आहे. एकदा ती मला म्हणाली, "तो डबा मी उघडला तेव्हा बारीक खिळे वरच होते गं. मी खाली हात घातला." हे तिने हिशेब तपासून बघितल्यासारखं सांगितलं.

आईला वर्षश्राद्धापर्यंतही थांबायचं नव्हतं. वहिनीने आंबिवलीला जावं असं आईने आणि मावशीने ठरवलं होतं. तिचा भाऊ एकदा येऊन गेला. दोन खोल्यांत त्याची बायको, मुलं आणि सासू. तो आईशी नम्रपणे बोलला आणि बहिणीकडे न बघता गेला. तिच्या बाजूने बोलणारी मी एकटी, आणि माझ्या बोलण्याला आमच्या घरात कधी वजन नव्हतं. पुस्तकी आहे ती, असं आई माझ्याबद्दल सांगते, एखाद्याचे डोळे अधू आहेत असं सांगावं तसं.

पुस्तकी तर पुस्तकी. ग्रंथालयात तंत्रशिक्षणाची जुनी पुस्तकं एका कपाटात पडून होती. त्यांना कुणी हात लावत नसे. मी ती दुपारच्या सुट्टीत वाचू लागले. दुःखात माणसं पोथ्या वाचतात, मी वीजजोडणी वाचली. भिंतीत जाणाऱ्या वायरीचं रक्षण कसं करावं यावर कितीतरी लिहिलेलं होतं, आणि ते फार शांत भाषेत होतं. वायर उघडी गिलाव्यात गाडू नये, ती नळीतून न्यावी. नळी विटेत पुरेशी खोल बसवावी. भिंत पातळ असेल, खोली मिळत नसेल, तर वरून लोखंडी पत्रा ठोकावा, म्हणजे खिळा पत्र्यावर अडतो आणि ठोकणाऱ्याला कळतं. आणि वाट कायम सरळ ठेवावी, उभी किंवा आडवी. कारण भिंतीवर गिलावा चढल्यावर वायर कुठे आहे हे सांगणारं दुसरं काहीच उरत नाही. पुढे कधी कुणी तिथे खिळा मारील, तो तुम्हांला विचारायला येणार नाही. त्याने बोर्ड पाहून जो अंदाज केला असेल त्याला धरून वायर असली पाहिजे. शिवाय वीज गळली की क्षणात मेन पाडणारं एक यंत्र असतं, ते बसवावं. आमच्या जुन्या इमारतीत ते नव्हतं.

वाचताना मला सारखं वाटत राहिलं की दादाने अंदाज बरोबर केला होता. चूक भिंतीची होती. पण हे म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं. भिंत बंद होती.

ती उघडायला लावली आईनेच.

मावशी कल्याणहून आली होती, मी ठाण्याहून. फ्रिज त्या दिवसापासून बैठकीत दुसऱ्या बोर्डावर चालत होता, कारण स्वयंपाकघराची ती लाइन तोडून ठेवली होती. नवी लाइन ओढायला मी एक इलेक्ट्रिशियन बोलावला. पूर्वीचा मिळाला नाही. तो दिव्याला राहायचा, तिथून कुठे गेला कुणालाच माहीत नव्हतं. हा नवा कल्याणचा, तिशीचा, हसऱ्या तोंडाचा. जुनी वायर तशीच आत सोडून नवी बाहेरून घेऊ, असं तो म्हणत होता. आई म्हणाली, नाही, भिंत फोडा.

"सगळ्यांसमोर फोडा. वायर किती खोल होती ते बघू दे सगळ्यांना. मग कळेल खिळा कुणी कसा दिला ते."

वहिनी ओट्याशी होती. रविवार होता, ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि ती बाजूला होऊन उभी राहिली, जणू तिला कुणी तसं सांगितलं होतं. मी आईला म्हटलं की असू दे, आता कशाला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मावशीने पदर नाकाला लावला, धूळ उडेल म्हणून.

त्याने भोकापाशी छिन्नी लावली आणि एक ठोका मारला. एवढ्यावरच गिलाव्याचा पापुद्रा सुटून ओट्यावर पडला आणि वायर दिसली. लाल. नखाएवढ्या जाडीच्या गिलाव्याखाली, विटेला नुसती चिकटलेली. नळी नव्हती.

"काय खोल नाय हो आजी," तो म्हणाला. "वरतीच आहे. टाचणी मारली असती तरी लागली असती."

त्याला वाटलं आपलं बोलणं आम्हांला पटलं नाही, म्हणून तो आणखी फोडत गेला. आम्ही बघत राहिलो. भोकापासून वर गिलावा निघत गेला तशी वायर सरळ वर जाईना, डावीकडे तिरपी चढत गेली. छताजवळच्या कोपऱ्यात पोचल्यावर तिला नळी लागली. तिथपर्यंत सगळं नीट होतं, खोल, सरळ, पुस्तकात होतं तसं. मग तो भोकापासून खाली फोडू लागला. वायर उजवीकडे तिरपी उतरली, देव्हाऱ्याच्या फळीखाली गेली, आणि देव्हारा संपल्यावर तिला पुन्हा नळी लागली.

तो खाली उतरला आणि धूळ झटकत मागे सरकून उभा राहिला, दादा बघायचा तसा.

"पहिला सरळच चाललेला बघा. इथनं कुणीतरी वळवायला लावलेला त्याला. नळी वळत नाय एवढी, म्हणून तेवढ्यात नुसतीच वायर टाकलेली. आणि भिंत आधीच खोदलेली सरळ, दुसरी झिरी कोण खोल मारत बसतंय." मग तो हसला. "खिळा बाकी एकदम नेम धरून. लॉटरी लागल्यासारखा."

त्याला घरातलं माहीत होतं, तरी त्याचं बोलणं काही वाईट हेतूचं नव्हतं. फाटक्या तोंडाची माणसं असतात. पण तिथं असलेल्या प्रत्येकीने हळदीच्या दिवशीची गोष्ट ऐकलेली होती. प्रत्येक जणी तेव्हा हसली होती. मावशी तर सर्वांत मोठ्याने. ती आता उठली आणि म्हणाली की मी चहा टाकते, आणि मग तिच्या लक्षात आलं की चहा टाकायचा तर त्या भिंतीपाशीच जावं लागेल, म्हणून ती परत बसली.

आई देव्हाऱ्याकडे बघत होती. देवांवर धूळ पडली होती. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, सगळे पांढरे झाले होते. तिने पुसायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

वहिनी तिरप्या वायरीजवळ गेली. तिने बोट लावलं नाही, नुसतं वरपासून खालपर्यंत बघितलं. ती लॅबमध्ये नमुना उजेडात धरून बघत असेल तशी. मी तिच्या चेहऱ्यावर सुटकेची वाट बघत होते. ती आली असेलही, पण मला दिसली नाही. मला दुसरंच काहीतरी येताना दिसलं.

इलेक्ट्रिशियनला पुढच्या कामाची घाई होती. त्याने विचारलं की नवी लाइन पट्टीतून बाहेरून घेतो, पण कुठून घेऊ? वरून सरळ घेतली तर देवावरून जाईल, चालेल ना?

तो माझ्याकडे बघून विचारत होता. मी उत्तर देणार तोच वहिनी आईकडे वळली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला. तिचा आवाज नेहमीसारखा हळू होता, सासूशी बोलताना असतो तसा.

"आई, ते विचारतायत. सरळ घेऊ दे, की वळवून?"



वहिनी थांबून राहिली. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही, पण ती हललीही नाही. इलेक्ट्रिशियन पट्टी हातात धरून उभा. मला वाटलं कुणीतरी मध्ये पडावं, आणि तो कुणीतरी मी असावं. पण मी दादाची बहीण होते. मलाही ते उत्तर आईच्या तोंडून ऐकायचं होतं.

"सरळ," आई शेवटी म्हणाली.

पांढरी पट्टी छताखालून आडवी, देव्हाऱ्याच्या बरोबर डोक्यावरून गेली. ती आता तिथेच आहे, सगळ्यांना दिसते, देवालाही दिसत असेल. मेनपाशी वीज गळली तर बंद पाडणारं यंत्र मी बसवून घेतलं. ते इतकं लहान असतं हे मला माहीत नव्हतं. जुनी वायर त्याने ओढून काढली, गुंडाळली आणि तांब्याच्या भावाने विकता येईल म्हणून पिशवीत टाकून नेली.

जाताना तो म्हणाला की झिरी बुजवायला गवंडी पाठवतो, उद्याच. वहिनी म्हणाली, "नको. राहू दे."

आंबिवलीचा विषय त्यानंतर निघाला नाही. वहिनी गेली नाही, आणि तिला जा म्हणायला कुणी उरलं नाही. ती कामाला जाते, येते, स्वयंपाक करते. आईला वेळेवर औषध देते, थंडीत पाणी तापवून देते. बाहेरच्या माणसाला वाटेल किती करते सासूचं. आई तिच्या हातचा चहा घेते. तिने काही टोमणा मारायला तोंड उघडलं की वहिनी नुसती भिंतीकडे बघते, आणि आई थांबते. मी पाहिलंय. हे एकदा नव्हे, प्रत्येक वेळी होतं.

मी वहिनीला दोनदा म्हटलं की आता बुजवून घेऊ या, पुरे झालं. पहिल्यांदा ती म्हणाली, बघू. दुसऱ्यांदा तिने मला विचारलं, "त्या भोकाजवळ आईंनी किती जणांना नेलं होतं, तुला आठवतंय का गं?" मला आठवत होतं. मी पुन्हा विषय काढला नाही. आई मला फोनवर सांगते की पूजेत लक्ष लागत नाही. मी ऐकून घेते.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा दादाचा फोटो करून घेऊन गेले. चांगला मोठा, काचेत मढवलेला. इतके दिवस तो कुणी केलाच नव्हता, कारण केला असता तर लावायचा कुठे हा प्रश्न आला असता. आईने तो मांडीवर घेतला, काच पदराने पुसली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, तो इथे लावू या. तिने हात ठेवला तिथे, देव्हाऱ्याशेजारी, झिरीवर. फोटोने ती बरीचशी झाकली गेली असती.

मला तिची दया आली. मी खरंच म्हणणार होते की लावू या.

वहिनी आत गेली आणि बाबांचा डबा घेऊन आली. तिने त्यातून हातोडी काढली, आणि शोधून एक बारीक खिळा. दोन्ही तिने आईच्या हातात दिलं.

"ठोका," ती म्हणाली. "आता आत काही नाहीये."

ते खरं होतं. आम्हां तिघींना माहीत होतं की त्या भिंतीत आता काहीही नाही. आईने खिळा भिंतीला लावला. डाव्या हाताने धरला. हातोडी उचलली. ती तशी बराच वेळ उभी राहिली, आणि खिळ्याचं टोक विटेवर टकटक वाजू लागलं. वहिनी ओट्याशी उभी राहून बघत होती. ज्या जागेवरून तिने दादाला पाहिलं होतं, तीच ती जागा.

आईने हातोडी खाली ठेवली. देव्हाऱ्याच्या फळीवर, निरांजनाशेजारी. वहिनीने ती उचलून ठेवली नाही, मीही नाही. दादाचा फोटो कपाटावर उताणा आहे.